मागचा डावा स्पीकर

होम थिएटर घ्यायचं म्हणजे स्पीकर घ्यायचे, असं ज्याला वाटतं त्यानं ते अजून घेतलेलं नसतं. स्पीकर काय, दुकानदारच गळ्यात मारतो. खरी फजिती होते ती वायरींपाशी. कोणती पिन कुठं, लाल कुठं, काळी कुठं, टीव्हीच्या पाठीवरच्या त्या सतरा भोकांतलं आपलं भोक कोणतं, या प्रश्नांनी भल्याभल्यांना घाम फुटतो. सोमनाथला तो फुटायचं कारण नव्हतं. शेंद्र्याच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला होता, वायर हे त्याचं रोजचं काम. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे करमाडच्या कडुबा साउंडवाल्याचा तो थोरला पोरगा. आसपासच्या गावांतलं एक लग्न, एक जयंती, एक सप्ताह कडुबाच्या भोंग्यांशिवाय पार पडत नसे. आमचा सोमनाथ चालायच्या आधी वायर सोलायला शिकला, असं कडुबा छाती फुगवून सांगायचा, आणि त्यात फारशी थाप नव्हती.

तरीही लग्नाला चौदा वर्षं होऊन गेली, पण त्यानं घरात साधा रेडिओ येऊ दिला नव्हता. डोकं दुखतं म्हणायचा. त्याच्या बायकोला, मेघाला, नवरा जरा विक्षिप्त वाटायचा. पण दारू पीत नाही, आईला सांभाळतो, एवढ्या भांडवलावर नवऱ्याचं पुष्कळ काही खपून जातं. अखेर सातवीतल्या प्रेरणानं अबोला धरला. पाच दिवस पोरगी बापाशी चिठ्ठ्या लिहून बोलली. सहाव्या दिवशी सोमनाथनं उस्मानपुऱ्यात, घराजवळच्याच हारूनभाईंच्या दुकानातून पाच स्पीकर, एक सबवूफर आणि एक रिसीव्हर असा खोक्यांचा ढीग रिक्षात घालून आणला.

रविवारची दुपार होती. मेघा प्रेरणाला घेऊन शाळेच्या प्रदर्शनाला गेली होती. घरात सोमनाथ आणि त्याची आई आवडाबाई, दोघंच. पुढचे दोन स्पीकर टीव्हीच्या दोन अंगांना लागले, मधला टीव्हीखाली, सबवूफर कोपऱ्यात, मागचा उजवा कपाटावर. मागच्या डाव्याला मात्र जागा एकच उरली: आवडाबाईच्या दिवाणाच्या वर, भिंतीवर. म्हातारी खाली डोळे मिटून पडलेली आणि हा दिवाणाच्या कडेवर पाय देऊन तिच्या डोक्यावर खिळा ठोकतोय. तिनं हूं की चूं केलं नाही. बऱ्याच वर्षांत तिनं कशालाच हूं की चूं केलं नव्हतं.

मग वायरी. पुढच्या स्पीकरांना बऱ्यापैकी जाड वायर होती, मागच्यांना खोक्यातली दोऱ्यासारखी बारीक. टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत तूर्त लाल-पांढऱ्या पिनांची आरसीए लीड, म्हणजे आवाज नेणारी वायर, कारण खोक्यात तीच निघाली. ती हातात घेतल्यावर सोमनाथ थोडा वेळ नुसताच बसून राहिला. मग त्यानं ती खोचली.

रिसीव्हरमध्येच तपासणीची सोय होती. बटण दाबलं की फोडणी चरचरावी तसा आवाज एकेका स्पीकरमधून फिरत जायचा. पुढचा डावा, मधला, पुढचा उजवा, मागचा उजवा, आणि शेवटी मागचा डावा. सोमनाथ टीव्हीपाशी उकिडवा बसून ऐकत होता. चार ठिकाणं ठणठणीत झाली, पाचवं काही नीट कळेना. बोटं आवाजाच्या गोल बटणावर, डोक्यात उद्याच्या शिफ्टचा विचार, आणि तेवढ्यात त्याच्या तोंडून निघून गेलं, "आला का रं?"

मंडपवाल्यांची ही रीत आहे. अ‍ॅम्प्लिफायरपाशी एक जण बसतो, लांबच्या भोंग्याखाली दुसरा उभा राहतो. इकडचा बटण फिरवून ओरडतो, आला का? तिकडचा ओरडतो, आला! मग पुढचा भोंगा. कडुबाचा यात एकच कडक नियम होता. पलीकडं माणूस उभा असल्याशिवाय विचारायचं नाही. विचारणारा उत्तराची वाट बघत आवाज वाढवत बसतो आणि भोंगा जळतो, हे त्यामागचं साधं कारण. कडुबाला भोंग्याची काळजी होती, दुसऱ्या कशाची नव्हती. पण पोरांच्या अंगात नियम मुरला होता, आणि सोमनाथनं तो त्या दुपारी पहिल्यांदा मोडला.

"आला, दादा."

आवाज मोठा नव्हता. सतरा-अठरा वर्षांच्या पोराचा, नुकताच फुटलेला, शेवटचं अक्षर जरा लांबवणारा. मागच्या डाव्या स्पीकरमधूनच आला, यात शंका घ्यायला जागा नव्हती. चरचराट तर केव्हाच फिरून पुन्हा पहिल्या स्पीकरकडं गेला होता.

दिवाणावर आवडाबाईनं डोळे उघडले. "कोन आलं रं?"

"कोणी नाय, माय. झोप तू."

त्यानं रिसीव्हर बंद केला. भास झाला म्हणावं, तर तो दोघांना एकदम कसा झाला? अंगावर आलेला काटा बसायला त्याला संध्याकाळ लागली.

त्याला त्या सुरात दादा म्हणणारं माणूस जगात एकच होतं, त्याचा धाकटा भाऊ आकाश. लांबच्या भोंग्याखाली उभं राहायचं काम कायम आकाशचं. थंडी असो, ऊन असो, पोरगं तोंड वर करून उभं, आणि आवाज आला की गावभर ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायचं.

सोमनाथच्या लग्नाच्या दिवशी करमाडात मंडप कडुबाचा, भोंगे कडुबाचे, आणि सकाळी दहाला ऐन गर्दीत आवाज बंद पडला. मिक्सरपासून अ‍ॅम्प्लिफायरला जाणारी लीड मेली होती. कडुबा पाहुण्यांत अडकलेला. नवरदेव आतल्या खोलीत, पण जीव सगळा भोंग्यांत. आकाशनं दारातून डोकं आत घातलं. "दादा, कोणती आणू? मोठ्या पिनची का लाल-पांढरी?" सोमनाथ आरशात मुंडावळ्या सरळ करत होता. मागं न बघताच म्हणाला, "लाल-पांढरी." पोरगं मोटरसायकलवर शहरात गेलं आणि दीड तासात लाल-पांढरी घेऊन हजर झालं. मिक्सरला लागत होती मोठ्या पिनची. चूक सोमनाथची होती, शंभर टक्के त्याची. पण त्या दिवशी नवरदेवाला चूक कबूल करायची सवय नसते. "डोक्यात भुसा भरलाय का तुझ्या? जा, मोठ्या पिनची आण. मुहूर्ताच्या आत आवाज पायजे मला." खोलीत दोघांशिवाय तिसरं कोणी नव्हतं.

आकाश बाहेर पडला तो नेमका आवडाबाईपुढं. भावाच्या लग्नात पोरगं सकाळपासून बेपत्ता, आणि आता धुळीनं माखून उगवलेलं. वऱ्हाड दारात आलेलं. तिनं सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काटात दिली. दादानं पाठवलंय, एवढे दोन शब्द तो बोलला असता तरी पुरे होतं. तो बोलला नाही. गाडीला किक मारली आणि गेला. जालना रोडवर टँकर समोर आला. बातमी करमाडात पोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि पहिली पंगत बसली होती.

थोबाडीत मारलेली सगळ्यांनी बघितली होती, गाडी जातानाही सगळ्यांनी बघितली होती. दोन्हींची सांगड घालायला कोणाला शिकवावं लागलं नाही. आईनं मारलं म्हणून पोरगं रागात गेलं, रागात गाडी हाणली आणि संपलं. आवडाबाईनंही तेच धरलं. त्या दिवसापासून तिनं आकाशचं नाव तोंडातून काढलं नाही. आपला तेवढा हक्क राहिला नाही, असं ती मेघाला एकदाच म्हणाली होती. भावकीतल्या बाया नव्या नवरीकडं बोट दाखवून पांढऱ्या पायाची आली म्हणाल्या, मेघानं तेही ऐकून घेतलं. आणि सोमनाथ? तेराव्याला सांगू म्हणाला. मग वर्षश्राद्धाला सांगू म्हणाला. मग कडुबा खंगून वारला, भोंगे सिल्लोडच्या एकाला देऊन टाकले, आईला शहरात आणलं, आणि सांगायचं ते राहूनच गेलं. वेळ निघून गेली असं लोक म्हणतात. ती कुठंही जात नाही. माणूसच रोज तिच्या शेजारून उठून जातो.

आता ती आई रोज त्या स्पीकरखाली झोपत होती. तिला त्यातून काय काय ऐकू येईल, हा विचार सोमनाथला सोडेना. खरं सांगायचं तर भुतापेक्षा त्याला त्याचीच भीती जास्त होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याच्यातला वायरमन जागा झाला. लांब, बारीक, उघडी वायर म्हणजे एरियलच की. मंडपातसुद्धा कधीमधी भोंग्यात रेडिओ शिरायचा, एकदा तर भर कीर्तनात शेतमालाचे भाव लागले होते. ही लाल-पांढरी लीडच बाहेरचं काहीबाही ओढत असणार. टीव्हीला एआरसीची सोय होती, म्हणजे एकाच एचडीएमआय केबलमधून आवाज रिसीव्हरला जाऊ शकत होता. घरी येताच त्यानं लाल-पांढरी उपटून माळ्यावर फेकली आणि एचडीएमआय लावली.

संध्याकाळी सगळे सिनेमाला बसले. आवाज असा घुमला की खालच्या मजल्यावरचे जोशी वर येऊन कौतुक करून गेले. सोमनाथचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच प्रेरणा म्हणाली, "पप्पा, हे काहीतरी चुकलंय. सिनेमात कोणाचंच तोंड हलत नाही आणि मागून एक जण बोलतोय."

"काय बोलतोय?" सोमनाथनं विचारलं. त्याला स्वतःला काही ऐकू आलं नव्हतं.

"सारखं एकच. कोणती आणू, कोणती आणू."

मेघा हसली. "अहो, तुमची लेक दुसराच सिनेमा बघायलीय." आवडाबाई हसली नाही. ती दिवाणावर, स्पीकरच्या बरोब्बर खाली, मान किंचित वर करून बसली होती. देवळात पोथी ऐकायला बसावं तशी.

मंगळवारी सोमनाथ हारूनभाईंकडं गेला. हारूनभाई मूळचे सिल्लोडचे, तीस वर्षांपासून या धंद्यात. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून बिघाड ओळखायचा त्यांना दांडगा सराव होता.

"दुसरा आवाज घुसरा क्या? तो ऑप्टिकल लेव ना सोमनाथभाऊ," ते म्हणाले. "उसमें करंटच नहीं रहता. काचेची तार हाय. अंदर से नुसता उजेड जातो. बाहर का कुछ घुसताच नहीं."

"अन् आतलंच काही असलं तर?"

हारूनभाईंना तो विनोद वाटला. "अंदर का तो फिर एकदम साफ सुनाई देगा!" मग त्यांनी मागच्या स्पीकरची बारीक वायर ऐकून कपाळाला हात लावला. "तुमी कडुबाचे पोरगे ना? अन् दोरा लावला? जाडी वायर लेव, पूरा तांबा." सोमनाथनं दोन्ही घेतलं. बाप असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही.

हारूनभाईंचा शब्द खरा ठरला. ऑप्टिकल लावल्यावर टीव्हीच्या आवाजातली बारीक घरघर गेली, संवाद स्वच्छ झाले. आणि मागच्या डाव्याला जाड वायर जोडून सोमनाथनं कान लावला, तेव्हा आतला पोरगा आधी लांबून बोलत होता तो शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या बोलण्याआधीचा श्वास ऐकू येत होता. मागं मोटरसायकलचं इंजिन बारीक चालू होतं. रस्त्यावरून जड गाड्या जात होत्या, एकामागून एक, आणि तो त्या जाऊ देऊन मग विचारत होता. "दादा, कोणती आणू?"

सोमनाथनं रिसीव्हरच्या यादीत जाऊन मागचा डावा स्पीकर बंद करून टाकला. पडद्यावर तशी खूणही आली. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी तो डबा घेऊन निघाला, तर आवडाबाई दारापर्यंत आली. असं ती कधी येत नसे. केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं.

"सोमनाथ, ती टीव्हीपासची डबी बंद करून नको जात जाऊ," ती म्हणाली.

"कामून? तुला टीव्ही लावता येत नाय."

"टीव्ही कोन बघतंय. दुपारची मी एकटी असते. बरं वाटतं."

तो जिना उतरला खरा, पण शेंद्र्याच्या बसमध्ये त्याला बसवेना. ती रोज दुपारी काय ऐकत होती? बंद स्पीकरमधून? आणि आत्तापर्यंत काय काय कळलं होतं तिला? तिनं त्याच्याकडं बघितलं ते रोजच्यासारखंच की वेगळं, हे आठवायचा तो दिवसभर प्रयत्न करत राहिला. त्या दिवशी त्यानं कारखान्यात दोन वेळा चुकीचा स्विच ओढला.

रविवारी मेघा आणि प्रेरणा गुलमंडीवर कापड आणायला गेल्या. आवडाबाई स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होती. सोमनाथनं ठरवून टाकलं होतं: मागचा डावा आज कायमचा काढायचा. पोरीला सांगू, खराब निघाला. त्यानं मुख्य स्विच बंद केला, रिसीव्हरचा प्लगही भिंतीतून उपटला. पडद्यातून ऊन आत येत होतं आणि खाली कोणी तरी भंगारवाला ओरडत होता. असल्या भरदुपारी भ्यायचं म्हणजे लाजच. त्यानं रिसीव्हरच्या पाठीमागून त्या स्पीकरची दोन्ही टोकं सोडवली आणि लाल एका हाताच्या चिमटीत, काळं दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरलं. दोन उघडी तांब्याची टोकं, कशालाही न जोडलेली. यातून आता काही येणं शक्य नाही, हे तो कोणालाही छातीठोकपणे सांगू शकला असता.

"दादा, कोणती आणू?"

बोटांना करंट लागला नाही. ऊब लागली. वायरीचं दुसरं टोक कोणी तरी हातात धरून उभं असावं, तशी.

त्यानं मान वळवली तर स्वयंपाकघराच्या दारात आवडाबाई उभी होती. हात कोपरापर्यंत पिठात. "आकाश," ती म्हणाली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. नाव तोंडातून निघाल्यावर तिलाच दचकायला झालं.

ती दिवाणावर चढली आणि भिंतीकडं तोंड करून गुडघ्यांवर उभी राहिली. तिचं डोकं बरोबर स्पीकरपाशी आलं. पिठाचे हात जोडून ती बोलायला लागली. "माझं चुकलं रं बाळा. चार मानसांत हात उचलला तुझ्यावर. सकाळपून उपाशी व्हता तू, ते बी मला दिसलं नाय. रोज इथं बसते अन् रोज म्हनते, आज बोलंल मला. एकदा बोल. शिव्या दे, पन बोल."

स्पीकर गप्प राहिला. रस्त्यावरून एक जड गाडी गेली, घराखालच्या रस्त्यावरून नव्हे. मग पोरानं श्वास घेतला आणि विचारलं, "दादा, कोणती आणू?"

आवडाबाई वाट बघत राहिली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग तिनं हात खाली केले आणि हळूच वळली. "मला नाय बोलत त्यो. तुला इचारतोय. सारखं तुलाच इचारतोय." तिचे डोळे सोमनाथच्या हातांतल्या तारांवर आले आणि तिथून त्याच्या चेहऱ्यावर. "काय इचारतोय, सोमनाथ?"

उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. काही नाय माय, रेडिओ शिरलाय वायरीत. तिनं ते मानलंही असतं, आजवर तिनं त्याचं सगळं मानलं होतं. पुन्हा भिंतीकडं तोंड करून ती माफी मागत बसली असती, उद्याही, परवाही, मरेपर्यंत, आणि पोरगं तिच्या कानाशी दादाला विचारत राहिलं असतं. सोमनाथनं तिच्या जोडलेल्या हातांचं पीठ स्पीकरला लागलेलं बघितलं, आणि त्याला ते वाक्य काही बोलवेना.

"लीड," तो म्हणाला. "त्या दिवशी आवाज बंद पडला तवा मीच पाठवला व्हता त्याला शहरात. मीच चुकीची सांगितली. त्यानं सांगितली ती बरोब्बर आणली, अन् मी त्याला वाट्टेल ते बोललो. परत जा म्हनलो. मुहूर्ताच्या आत ये म्हनलो." आईकडं बघतच तो पुढं बोलत राहिला. "तू मारायच्या आधीच त्यो निघाला व्हता, माय. तू मारलं नसतं तरी गेला असता. माझ्या कामाला गेला, अन् घाईत गेला त्यो माझ्यामुळं. तुझ्यावर रागावून नाय."

आवडाबाईनं वळून स्पीकरकडं बघितलं. खालचा भंगारवाला लांब गेला होता. मग ती म्हणाली, "मला मागून सांग. आधी त्याला सांग. किती वेळ झाला उभं हाय ते लेकरू."

सोमनाथ उठला. दोन्ही टोकं हातात तशीच होती. लग्नाच्या दिवशी मागं वळून बघितलं नव्हतं, आता तो स्पीकरच्या तोंडाकडं बघून बोलला. "आकाश, काही आणू नको. तू आणलेली बरोबर व्हती. मीच चुकीचं सांगितलं व्हतं रं. आता काही आणायचं नाय."

इंजिनाचा आवाज अजून थोडा वेळ चालू होता. मग कोणी तरी किल्ली फिरवावी तसा तो बंद झाला. गाड्या थांबल्या. तारांमधली ऊब बोटांच्या टोकाकडून हळूहळू जात राहिली आणि शेवटी हातात नुसतं तांबं उरलं. सोमनाथला रडू आलं. चौदा वर्षांपूर्वी यायचं ते सगळं एकदम आलं, आणि त्यानं ते थोपवलं नाही.

आवडाबाई दिवाणावरून उतरली नाही. भिंतीला पाठ लावून बसली. तिच्या चेहऱ्यावर काही तरी सैल झालं होतं, आणि क्षणभर ती सोमनाथला लहानपणी दिसायची तशी दिसली.

"म्हंजी मला राग धरून नाय गेलं माझं लेकरू," ती म्हणाली.

"नाय, माय."

"कामाला गेलं." तिनं पदरानं डोळे पुसले. पीठ गालाला लागलं. मग ती त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या बघण्यात राग नव्हता, राग असता तर सोमनाथला सोपं गेलं असतं. "मी रोज तुझ्याम्होरं बसून जेवले. रोज तू बघितलं मला. एकदा बी तोंडाशी आलं नाय?"

"आलं व्हतं."

"मंग?"

"गिळलं."

तिनं मान हलवली. हे उत्तर तिला समजलं होतं, आणि समजलं हेच वाईट होतं. "आकाशचं काय करायचं ते मला कळलं आता," ती म्हणाली. "त्याचं नाव घ्यायचं, त्याच्या आवडीचं करायचं, रडायचं. तुझं काय करायचं, ते मला सुचंना झालंय बघ."

खाली रिक्षा थांबली. जिन्यावर प्रेरणाची बडबड ऐकू आली आणि तिच्यामागून मेघाची, पिशव्या घेऊन चढताना दम लागलेली.

"मेघा आली," आवडाबाई म्हणाली. "तिला बी सांग. तिच्या पायांना नावं ठेवली लोकांनी, अन् तू गप बसला. आता, माझ्यासमोर सांग."

बेल वाजली. सोमनाथ दाराकडं निघाला, पण चार पावलांतच थांबला. बेल पुन्हा वाजली, आणि बाहेरून मेघा हसत म्हणाली, "अहो, उघडा ना, हात भरलेत माझे."